नवे ब्रेक थोडे दिवस आवाज करतातच

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी थांबते.

कारण पुढे जे सांगणार आहे ते रचलेलं नाही. माझ्या मावशीच्या घरात घडलेलं आहे. आणि त्यातला शेवटचा प्रकार तर भर दुपारी, माझ्यादेखत झालाय.

मावशीला दोन मुली. थोरलीला आम्ही सगळेच ताई म्हणायचो. दुसरी धाकटी. चाळिशीला आली तरी ती घरात धाकटीच. ताईच्या नवऱ्याचं, म्हणजे भावजींचं, हमरस्त्यावर गाड्यांचं गॅरेज. ब्रेकच्या कामाला त्यांचा हात धरणारा गावात कोणी नाही. फाटकातून गाडी आत आली की बसल्या जागेवरून सांगतात, पुढचं डावं चाक घासतंय. चाक खोलून बघा... तेच निघतं.

गिऱ्हाइकांना त्यांचं सांगणं ठरलेलं. "ब्रेक दाबल्यावर बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला, तर पॅड संपत आले. खर्रखर्र आलं, तर संपले. मग लोखंडावर लोखंड घासतंय. तेव्हा उद्या बघू म्हणायचं नाही. गाडी जिथे आहे तिथे उभी करायची आणि मला फोन करायचा."

आणि अशा माणसाची बायको ब्रेक न लागून गेली.

गॅरेजमधून घरी येताना पाण्याच्या टाकीचा उतार लागतो. लांबलचक. खाली वळणावर दगडी भिंत. गेल्या हिवाळ्यात, लख्ख उजेडात, कोरड्या रस्त्यावर ताईची गाडी सरळ त्या भिंतीवर गेली.

"वेगात होती," भावजी म्हणाले. "किती वेळा सांगितलं, उतारावर हळू घे. ऐकेल तर शपथ."

सगळ्यांनी मान डोलावली. मावशी तर रडता रडता गेलेल्या लेकीलाच बोल लावायची. "माझीच पोर बेफिकीर, दुसऱ्याला काय बोलू?" आल्यागेल्याला हेच सांगायची.

धाकटीला हे खटकायचं. ताई जिना उतरतानाही कठडा धरून उतरायची. ती कसली वेगात जाते? पण भावजी म्हणतात म्हणजे तसंच असणार. धाकटीला भाऊ नव्हता, ती जागा भावजींनीच भरलेली. गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. नोकरीसाठी त्यांनीच शब्द टाकला. त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे तिच्या दृष्टीने पापच.

धाकटी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. घरोघरी जाऊन नमुने घ्यायचे, तर गाडी हवीच. भावजींनी ताईची ती चेपलेली गाडी स्वतः नीट केली, रंग दिला आणि धाकटीला दिली.

"ताईची आठवण म्हणून वापर. सगळं नवीन टाकलंय. बिनधास्त चालव."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं हो. केवढा मोठ्या मनाचा माणूस, असं तिने मला फोन करून सांगितलं.

पहिला आठवडा बरा गेला.

मग एका संध्याकाळी ती टाकीच्या उतारावरून खाली येत होती. ब्रेकवर पाय ठेवला आणि...

किर्रर्र...

बारीक. कोणीतरी दातांवर दात घासल्यासारखं.

भावजींचे धडे तोंडपाठ. धाकटी तशीच उलटी फिरून गॅरेजला गेली. भावजींनी गाडी जॅकवर घेतली, चाक खोललं, दाखवलं. पॅड जाडजूड. आतली चकती चकचकीत.

"नवे आहेत गं. घासून बसतील. नवे ब्रेक थोडे दिवस आवाज करतातच."

धाकटीचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडीत बसायला गेली, तर गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट पुढे सरकलेली होती. एकदम पुढे. तिने मागे घेतली.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच.

धाकटी उंच आहे. ताई बुटकी होती.

"खाच झिजली असेल," ती स्वतःशीच म्हणाली. आपण अशा वेळी काहीतरी म्हणतोच.

मग किर्रर्रचं खर्रखर्र झालं. पायाच्या तळव्याला कळायला लागलं. आणि जळका वास... इतका की एकदा तिने घाबरून गाडी कडेला घेतली आणि जिथून वास येत होता त्या चाकाजवळ हात नेला. एवढा वास येतोय म्हणजे चाक तापून लाल व्हायला हवं.

चाक गार होतं. बर्फासारखं गार. बाकीची तिन्ही उन्हाने कोमट, आणि हे एकच गार.

पुढे ब्रेकचा लाल दिवा लागायला लागला. तिने बॉनेट उघडून बघितलं, ब्रेक ऑइल काठोकाठ. आणि हे सगळं फक्त त्या उतारावर. सपाटीला गाडी लोण्यासारखी चालायची.

एकदा तर उतार सुरू झाला आणि सगळे आवाज गेले. इंजिनाचा नाही, मागच्या ट्रकचा नाही, वाऱ्याचा नाही. कानात बोळे घातल्यासारखं. फक्त ती खर्रखर्र. आणि त्या शांततेत, मागच्या सीटवरून...

"च्च."

जीभ टाळूला लावून केलेला. कंटाळल्यावर ताई अगदी असाच करायची.

आरशात बघायची छाती झाली नाही. खालच्या वळणावर पोचली तसे सगळे आवाज परत आले.

ती पुन्हा गॅरेजला गेली. भावजी या वेळी वैतागले. "अगं, मनाचे खेळ आहेत तुझे. चाक खोलून दाखवलं ना मी?"

"मग तुम्ही चला. माझ्या शेजारी बसा. टाकीच्या उतारावरून एक फेरी मारू."

भावजींचा हात थांबला. "त्या रस्त्याने कशाला? मागच्या रस्त्याने जाऊ की."

"आवाज तिथेच येतो, भावजी."

"मी त्या रस्त्याने जात नाही."

धाकटीला वाटलं, बायको तिथे गेली, म्हणून. साहजिक आहे. पण त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. भीती होती. धाकटी रोज माणसांच्या हातात सुई टोचते, भीती कशी दिसते ते तिला कोणी शिकवायला नको.

"चला," ती म्हणाली. "नाहीतर मी गाडी दुसऱ्या गॅरेजला दाखवते."

तेव्हा बसले.

बुधवार होता. ऊन कलायला आलेलं. उतार लागला आणि... सगळे आवाज गेले.

भावजींनी झटकन कानाला हात लावला. म्हणजे त्यांनाही कळलं!

किर्रर्र... खर्रखर्र... खर्रखर्र...

भावजींचा चेहरा पांढराफटक पडला. धाकटीने ब्रेक दाबला. पेडल मऊ लागलं. आणखी दाबला, पेडल थेट खाली टेकलं. गाडीला काही फरक नाही.

"हँडब्रेक ओढ!"

ओढला. काही नाही. भिंत दिसायला लागली.

मागून आवाज आला. शांत. रोज घरात बोलावं तसा.

"अहो, आवाज येतोय ब्रेकचा."

भावजींनी डोळे गच्च मिटले. आणि त्यांच्या तोंडून सवयीने आल्यासारखं आलं, "नवे आहेत गं. घासून बसतील."

गाडीने वेग घेतला.

"नवे टाकलेत ना नक्की?"

"टाकलेत."

आणखी वेग. धाकटी नुसती पेडल मारत होती, रिकाम्या डब्यावर पाय आपटावा तसं.

"खरं सांगा," मागून आवाज आला. "मी फाटकातून निघाले, तेव्हा तुम्ही तिथे उभे होतात. तुम्हाला आवाज ऐकू आला होता ना?"

भावजींनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला.

भिंत अगदी समोर आली.

"आला होता!" ते किंचाळले. "आला होता गं! ऐकला होता मी!"

गाडी थांबली.

धक्का नाही, टायर घसरले नाहीत. नुसती थांबली. चालणारं माणूस उभं राहावं तशी.

आणि मग भावजी बोलले. त्यांनी ताईच्या गाडीत नवे पॅड खरंच टाकले होते. तेवढ्यात एक नेहमीचं गिऱ्हाईक घाईत आलं. त्याची गाडी ताईच्या गाडीसारखीच, पॅडही तेच, आणि दुकानात दुसरी जोडी नव्हती. यांनी बायकोच्या गाडीतले काढून त्याला लावले. तिचे झिजलेले पुन्हा होते तिथे बसवले. घरचीच गाडी आहे, माल आला की टाकू.

"मग ताईला का नाही सांगितलंत?"

"तिने कटकट केली असती."

तिने कटकट केली असती! एवढ्यासाठी. आवाज येतोय म्हणून ती बिचारी विचारत राहिली आणि हे सांगत राहिले, नवे आहेत. ब्रेकचं ज्याला सगळ्यात जास्त कळतं तो माणूस सांगतोय आणि तो आपला नवरा आहे, मग बायको विश्वास ठेवणार नाही तर काय करणार? उतारावर पॅड तापून ब्रेक गेले. आणि पोलीस पोचायच्या आत या माणसाने आपल्या हाताने ती चाकं खोलून झिजलेले पॅड काढून लपवले. वर बोंब मारली, वेगात होती म्हणून.

धाकटी त्यांना एवढंच म्हणाली, "आईला सांगा. तुमच्या तोंडाने."

"सांगतो," भावजी म्हणाले. हात जोडून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मावशीकडे आले. चहा घेतला. आणि म्हणाले, "आई, धाकटीला डॉक्टरांना दाखवायला हवं. बहिणीच्या जाण्याने डोक्यावर परिणाम झालाय. मला काहीबाही बोलते."

धाकटी समोरच उभी होती. तिने सगळं सांगितलं, रडली, ओरडली. मावशी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "जावई कशाला खोटं बोलतील?"

त्या रात्री धाकटीने मला फोन केला. म्हणाली, "भावजींचं सोड गं. पण आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."



त्यानंतर मात्र एक झालं. 'माझीच पोर बेफिकीर' हे मावशीचं पालुपद बंद पडलं. आल्यागेल्यासमोर ती नुसती बसून राहायची. आणि एका दुपारी, मी त्यांच्याकडे गेलेली असताना, चपला घालून दारात आली.

"धाकटे, गाडी काढ. मला त्या उतारावरून ने."

मावशी पुढे बसली. मी मागे, डाव्या दाराशी. माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

उतार लागला.

आवाज गेले. धाकटीने सांगितलं होतं तस्सेच, एकदम.

मग माझ्या शेजारी... सीट खाली दबली. हळूहळू, कोणी सावकाश टेकावं तशी. मी दाराला चिकटले. खोटं का सांगू, मी डोळे मिटले नाहीत, मिटताच आले नाहीत. तिथे कोणी नव्हतं. पण सीट दबलेली होती.

मावशीने मागे वळून बघितलं नाही. समोर बघतच म्हणाली, "वेगात होतीस का गं?"

काही नाही. नुसती ती खर्रखर्र.

मग अगदी माझ्या कानाशी, "नाही, आई."

मावशीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. तिने हात मागे केला, चाचपत, रिकाम्या हवेत. "मग मला सांगितलं का नाहीस, बाळा? इतके दिवस मी तुलाच..."

"तू मला विचारलंच नाहीस," ताई म्हणाली. "तू त्यांनाच विचारत होतीस."

मावशीचा हात तसाच राहिला.

गाडी भिंतीपाशी थांबली. धाकटीने नंतर मला सांगितलं, तिचा पाय ब्रेकवर नव्हता.

भावजींचं गॅरेज अजून चालू आहे. फाटकाबाहेर रांग असते. लोक विश्वासाने चावी हातात देतात आणि चहा प्यायला जातात. मावशीकडे ते आता येत नाहीत, त्यांच्यासाठी दार उघडत नाही.

पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणाने.

उतार संपला, आवाज परत आले, आम्ही वळून घरी आलो. सगळ्या रस्त्यात माझ्या शेजारची सीट वर आली नाही. घरासमोर गाडी उभी राहिली तेव्हाही ती दबलेलीच होती. मावशी उतरली, धाकटी उतरली, मी तर उडीच मारली. दारं लावली आणि आत गेलो.

ती उतरली का, आत येणार का, ते आमच्यापैकी कोणीच तिला विचारलं नाही.