लाडलेभाईची तांत

शेकोटीभोवती बसलेल्या पुतण्यांपैकी मुंजाजी म्हणाला, "काका, भुताचं सांगा." दिनकररावांनी उपरणे कानांवरून ओढून घेतले.

"भुताचं मला ठाऊक न्हाई. बन्सीधरचं ठाऊक हाय," असे म्हणून ते सांगू लागले.

पेडगावचा बन्सीधर घरच्या पडवीत लाकडाची घड्याळे घडवीत असे, चाकेसुद्धा लाकडाचीच. शिकवणारे कोणी नव्हते, चुकाच त्याच्या गुरू. पहिल्या घड्याळाची चाके त्याने ओल्या सागातून कापली. ती पावसाळ्यात लंबगोल झाली. दुसऱ्याच्या दात्यांना एरंडेल लावले. त्यात धूळ बसून चिखल झाला. दोन्ही वेळा गाव पोट धरून हसले. तिसऱ्यासाठी त्याने दोन वर्षे वाळवलेला साग घेतला आणि तेलाचा थेंबही लावला नाही. आता अडचण एकच उरली होती. वजनाचा दगड पेलणारी सुतळी ताणून ढिली पडे. तिच्या जागी बकऱ्याच्या आतड्याची तांत हवी होती.

ती मागायला तो मेहरबीकडे गेला. दिवस बुधवार, ३ फेब्रुवारी १९५४, पौष अमावास्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचे हेडमास्तर शाळेसाठी घड्याळ पाहायला येणार होते. ते बंद दिसले, तर शाळेचे घड्याळ हैदराबादहून येणार होते.

मेहरबीचा नवरा लाडलेभाई पिंजारी महिन्यापूर्वीच वारला होता. कापूस पिंजायची त्याची कमान भिंतीवर टांगलेली होती.

"भाभी, तेवढी तांत द्या."

"न्हाई, भाऊ. त्यांनी सोता वळलेली शेवटची हाय. पोराला त्याच्यावरच धंदा शिकवायचाय."

"उद्याच्या दिवसापुरती..."

"न्हाई म्हनलं ना! दुसरं काई बी मागा."

ती पाण्याला गेली. बन्सीधरने पटाशीने तांत कापली आणि धोतरात खोचली.

"दिली?" घरी बायनाबाईने विचारले.

"दिली."

"लईच उदार झाली की मेहरबी!"

रात्री दहाला घड्याळ सुरू झाले. ठोका एकसारखा पडत होता. बन्सीधर समोर बसून राहिला. उद्या गावाची तोंडे बंद होणार होती.

अकराला वास आला. खाटकाच्या दुकानामागच्या नालीला येतो, तसा.

त्याने कंदील उचलला. तांत ओली होती. पंच्याने पुसली. पुन्हा ओली. आता बुळबुळीतही.

दगड खाली उतरायला हवा होता. तो वर चढत होता.

"वली झाली की आखडती," तो स्वतःशीच म्हणाला.

मग तांतीतून एक फुगवटा सरकला. वरून खाली. घास गिळल्यासारखा. त्याच्यामागून दुसरा... फिकट हिरवे काहीतरी जमिनीवर टपकले.

कापावी... तर घड्याळ थांबणार. गाव तिसऱ्यांदा हसणार.

बायनाबाई नाकाला पदर लावून दारात आली. "काय सडलंय हितं?"

"काई न्हाई. झोप."

"खरं सांगा. तिनं दिली व्हती ना?"

त्याने कंदील तिच्यापासून दूर वळवला.

"बोला की."

ठोका अडखळला; प्रत्येक फुगवट्यासरशी दगड वर ओढला जात होता. घड्याळ थांबू नये, म्हणून त्याने पुढचा फुगवटा उजव्या हाताच्या दोन बोटांत दाबून धरला. कोमट होता. बोटांखाली तो धडधडला... मग बोटांना चोखू लागला.

त्याने डाव्या हाताने तांतीवर पटाशी चालवली. दगड आदळला. घड्याळ थांबले.

त्याच रात्री त्याने मेहरबीचे दार ठोठावले आणि सारे कबूल केले. तिच्या हाती पडलेली तांत काडीसारखी कोरडी होती. तिने रांजणाकडे बोट दाखवले. "हात धुवा, भाऊ. आन् जावा."

शाळेत हैदराबादचे घड्याळ लागले. बन्सीधरने बोटांना राख लावली, तुरटी लावली. पण ती दोन बोटे काही वाळेनात. हात लावलेले प्रत्येक चाक सकाळपर्यंत फुगे. त्याने पटाशी ठेवली, ती कायमची.

"वहीम असंल त्याचा," मुंजाजी म्हणाला, पण हळू.

"गेल्या चैत्रात वारला. भर दुपारी. आंग समदं वाळून गेलेलं. आंघुळीच्या आधी ती दोन बोटं मी पुसली."

"मग?"

"मग... पुन्यांदा पुसली." दिनकररावांनी शेकोटीत एक काटकी सरकवली. "तिसऱ्यांदा मी हात लावला न्हाई."