दुपारी मावळलेला दिवस

बेळगावच्या दवाखान्यातून तारामतीला घरी आणलं ते चैत्रातल्या एका सकाळी. उजव्या खुब्याचा सांधा बदलून पाच दिवस झाले होते. मुलगा सन्मती गाडी इतकी जपून चालवत होता की संकेश्वर येईपर्यंत उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरांनीसुद्धा त्यांना मागं टाकलं. सून प्रणिता मागच्या सीटवर सासूच्या दोन पायांमधली उशी धरून बसली होती. उशी सरकली तर नवा सांधा निखळेल असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि प्रणिताला एकदा बजावलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

बजावण्या काय कमी होत्या? खाली वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खुर्चीपेक्षा खाली बसायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. सहासष्ट वर्षं जिचा सगळा जन्म भुईलगत गेला, चूल, विळी, पाट आणि तंबाखूचा पाला निवडण्यात, तिला आता भुईच वर्ज्य झाली. तारामती म्हणाली, आता मी भुईची पाव्हणी. त्यावर सन्मतीही हसला.

घर निपाणीच्या अलीकडं, हायवेपासून आत. पुढं तंबाखूचं कोठार, मागं स्लॅबचं दुमजली घर. तारामतीची खोली माडीवर, पण जिना चढायचा नव्हता. म्हणून मुलानं तळमजल्यावरची मागची खोली धुऊन घेतली होती. संडास लागूनच, खाटेच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा, उशाशी वॉकर. त्यानं हौसेनं दार उघडून दाखवलं आणि तारामतीचं तोंड उतरलं.

"हितं कशाला? सोप्यात टाका की खाट," ती म्हणाली.

पुढच्या सोप्यात संडास कुठला, असं दोघांनी तिला समजावलं. त्यांचं बरोबर होतं. खरं कारण सांगायची सोय तारामतीला नव्हती. ही खोली पद्माक्काची होती.

पद्माक्का म्हणजे तारामतीची थोरली नणंद. ऐन तारुण्यात विधवा होऊन भावाच्या घरी परतलेली. तीस वर्षं या घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला होत्या, आणि तारामतीला मिठाची बरणीसुद्धा तिला विचारून उघडावी लागे. बाई तोंडानं फटकळ, पण नेमधर्माला पक्की. सोळाव्या वर्षी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवापुढं नेम घेतलेला, दिवस मावळला की अन्न नाही आणि पाण्याचा थेंब नाही. बारा वर्षांपूर्वी अंगणात पाय घसरून तिचाही उजवाच खुबा मोडला. वय एकोणऐंशी, काळीज कमजोर. डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला. याच खोलीत, याच खिडकीखाली ती एक्केचाळीस दिवस पडून होती, आणि तिचं सगळं तारामतीनं केलं. तिचा नेम शेवटपर्यंत राखला म्हणून बस्तीत सगळ्यांदेखत तारामतीची ओटी भरली गेली. अजूनही गावात नव्या सुनांना तिचंच उदाहरण देतात.

पहिल्या दिवशी सातच्या सुमारास प्रणिता रात्रीच्या गोळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. बाहेर नुकतं अंधारलं होतं. तारामतीनं कधी असला नेम केला नव्हता, ती रात्री जेवणारी बाई. तिनं गोळी हातात घेतली आणि तोंड उघडू गेली, तर तोंड उघडेना. दुखत नव्हतं, आखडलं नव्हतं. वरचे दात खालच्या दातांवर नुसते बसून राहिले होते. त्याच वेळी खाटेखालून, अगदी जवळून, कुणीतरी सावकाश म्हणालं,

"दिस मावळला, तारा..."

आवाजात राग नव्हता. एखाद्या आजाऱ्याला वेळ सांगावी तसा होता.

तारामतीला खाली वाकता येत नव्हतं. विटांवर चढवलेली खाट, पायांत उशी, मान वळवली तरी फरशीची एक पट्टी तेवढी दिसे. तिनं हातानं खूण करून प्रणिताला खाली बघायला लावलं. प्रणितानं वाकून पाहिलं. खाली विटांशिवाय काही नव्हतं. तिला वाटलं सासूला मळमळतंय. गोळ्या सकाळी देऊ म्हणत तिनं तांब्या झाकला.

उजाडल्याबरोबर तोंड उघडलं. तारामती दोन तांबे पाणी प्याली आणि कुणाला काही बोलली नाही. बोलणार तरी काय? ते शब्द तिचेच होते. पद्माक्काला ते तिनंच, याच खोलीत, रोज ऐकवले होते.

आता हे सांगायलाच हवं. पद्माक्का पडली तेव्हा फाल्गुन होता, गेली ती चैत्रातच. पत्र्यासारखी तापलेली हवा, आणि तापानं तिची जीभ टाळूला चिकटायची. मरणाच्या आजारात नेम सैल करायला हरकत नाही, असं बस्तीतले उपाध्ये एकदा स्वतः दाराशी येऊन सांगून गेले. दारात तारामतीच होती. तिनं ते ऐकलं आणि आत कुणालाही सांगितलं नाही. पाणी दिलं की रात्री भांडं द्यायचं आलं, ओल्या चादरी बदलायच्या आल्या. पण खरं सांगायचं तर नुसता तो कंटाळा नव्हता. तीस वर्षांचा राग होता तो, आणि म्हातारीच्याच नेमानं म्हातारीला बांधता येतंय हे कळल्यावर त्या रागाला गोडी लागली.

मग तिनं खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली. पडल्या जागेवरून पद्माक्काला आभाळ दिसायचं ते त्या एका खिडकीतूनच. पाच वाजता तारामती आत जाऊन म्हणायची, "आक्का, दिस मावळला. आता पाणी न्हाय." म्हातारी हात जोडून बरं म्हणायची. नंतर साडेचारला दिवस मावळू लागला. नंतर चारला, नंतर तीनला. नेमाची बाई, अविश्वास तिच्या मनाला शिवला नाही. शेवटी शेवटी एक दिवस खिडकी लावून झाल्यावर बाहेर शाळेची पोरं दुपारच्या छोट्या सुट्टीत ओरडत पळाली. पद्माक्कानं डोळे उघडले आणि तारामतीकडं बघितलं. ती बघतच राहिली. त्यानंतर तिनं पाणी मागितलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तारामतीचं तोंड सहालाच मिटलं. तिसऱ्या दिवशी सव्वापाचला. व्यायाम शिकवायला निपाणीहून पोरगी यायची, ती समोर असतानाच मिटलं. आजी, पाणी पीत जा, उन्हाळा आहे, असं ती म्हणत होती, आणि तारामती घामानं निथळत नुसती मान हलवत होती. रोज त्याआधी थोडा वेळ खाटेखालून अंग ओढत सरकल्यासारखी खरखर यायची, आणि कोंदट गोधडीचा वास. मग ते शब्द. सन्मतीनं दातांचा डॉक्टर आणला. तो सकाळी आला, त्यानं तोंड आ करायला लावलं, आणि काही दोष नाही म्हणून गेला. बेळगावच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, भीतीनं होतं असं कधीकधी, झोपेची गोळी द्या.

पाचव्या दिवशी तारामतीनं ठरवलं, खोलीत थांबायचंच नाही. साडेतीनला ती वॉकर धरून उठली. एक पाऊल, मग वॉकर, मग दुसरं पाऊल, असं करत तिनं सोपा ओलांडला. कपाळावर घाम, दुसऱ्या मांडीत गोळे. पाठोपाठ खरखर येत होती. ती थांबली की थांबायची, ती निघाली की निघायची. वळून बघायचं तर अंग पिळायला बंदी. तारामती तशीच रेटत ओसरीवर आली आणि उंच खुर्चीत बसली. समोर अंगणात डोळे दिपवणारं ऊन होतं. कोठाराच्या पत्र्यावरून ते थेट तिच्या हातावर पडत होतं. तिनं प्रणिताकडून पेला घेतला आणि उन्हात उंच धरला.

"हे बघ... बघ की. सूर्य हाय अजून," ती कुणाला तरी म्हणाली.

पेला ओठांना लागला आणि दात मिटले. पाणी हनुवटीवरून ओघळून लुगड्यात मुरलं. अंगावर ऊन असताना, उघड्या डोळ्यांसमोर, तिच्या कानाशी आवाज आला. या वेळी खालून नव्हे, बसल्या माणसाच्या उंचीवरून आला.

प्रणिता घाबरून तिचं तोंड पुसत राहिली. तारामती रडत होती, आणि रडताना तोंड उघडत नव्हतं म्हणून तो आवाज जनावरासारखा येत होता. त्या दिवशी तिला पहिल्यांदा मरणाची भीती वाटली. रोज अर्धा-पाऊण तास दिवस तुटत होता. असंच चाललं तर पंधरा-वीस दिवसांत तिला सकाळच उरणार नव्हती.

सातव्या दिवशी उजाडताच तिनं प्रणिताला जवळ बोलावलं. सन्मती निपाणीला खताचं दुकान उघडायला गेला होता. कबूल केलं तर सुटका होईल, एवढी एकच आशा आता तिच्यापाशी होती. आयुष्यभर मिळवलेली अब्रू सुनेच्या पायाशी ठेवायची होती, आणि ते मरणाहून जड होतं. तरी तिनं सगळं सांगितलं. उपाध्ये, खिडकी, तीन वाजताचा दिवस, शाळेची पोरं. सांगताना तिनं प्रणिताकडं पाहिलं नाही. बोलणं संपलं तेव्हा प्रणिता तांब्याच्या काठावरून बोट फिरवत होती.

"शिव्या दे गं, पण काय तरी बोल," तारामती म्हणाली.

"काय बोलू, आई?" प्रणिता हळू म्हणाली. "हे सगळं तुम्ही मला आलेल्या दिवशीच सांगितलंय की."

"मी?"

"दुपारी. मी गोळ्या द्यायला आलते, तवा तुम्ही खाली फरशीवर मांडी घालून बसला होता. खिडकीकडं तोंड करून, डोक्यावरनं पदर घेऊन. माझा जीवच गेला. म्हटलं, आई, मांडी घालू नका, सांधा निखळंल... तर तुम्ही तसंच बसून सगळं सांगितलं. आवाज तुमचाच होता. तुम्ही म्हणाला, एक्केचाळीस दिवस हायत. तू मधे पडू नको." ती एक पाऊल मागं सरली. "ह्यांना हाक मारून परत आले, तर तुम्ही खाटंवर झोपलेल्या. पायांतली उशीसुदा सरकली नव्हती."

तारामतीनं पायांतल्या उशीकडं पाहिलं. कबुली हे तिच्याजवळचं शेवटचं शस्त्र होतं, आणि ते तिच्याच आवाजात आधीच कुणीतरी वापरून टाकलं होतं. ज्या सुनेनं सात दिवस तिचं पुसणं-धुणं केलं, ती आता खाटेपासून दोन हात लांब उभी होती. प्रणितानं पुढं येऊन तांब्या भरून दिला, चादर सारखी केली. पण या वेळी तिनं सासूच्या कपाळाला हात लावला नाही.

त्याच दिवशी सन्मतीनं आईला गाडीत घालून बेळगावला नेलं. तोंडानं जात नसेल तर शिरेतून देऊ, डॉक्टर म्हणाले, आणि सन्मतीचा जीव भांड्यात पडला. तारामतीचाही. दात मिटले तर मिटोत, शीर काही पद्माक्काच्या हातात नव्हती. हाताला सुई लागली, सलाइनची बाटली टांगली गेली. थेंब थेंब पडू लागला तसा तिच्या अंगात गारवा उतरू लागला. पहिल्यांदाच तिला गाढ झोप लागली.

ती झोप पावणेतीनला मोडली. नर्स सुई हलवून बघत होती. बाटली निम्मी भरलेली आणि थेंब थांबलेला. सुई बदलली, हात बदलला, नळी बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य वर आल्याबरोबर थेंब आपोआप सुरू झाला. दुपारी दोनला परत थांबला.

नवव्या दिवशी दुसरी नर्स ड्यूटीवर होती, हुक्केरीकडची, नवी, हसरी. तिला आधीचं काही ठाऊक नव्हतं. सव्वा वाजता ती नळीवर टिचक्या मारत उभी राहिली. तारामती पडल्या पडल्या ओठ मिटून वर बघत होती. नळीच्या तोंडाशी एक थेंब फुगून लोंबत होता आणि खाली पडत नव्हता. खिडकीबाहेर माथ्यावरचं ऊन होतं, खाली लावलेल्या स्कूटरींना हात लाववणार नाही इतकं.

"आज्जी, शीर चांगली हाय, सुई बरोबर हाय," नर्स म्हणाली. "मग हे भर दुपारी कसं बंद पडतंय, काय कळंना."

प्रणिता दाराशी उभी होती. तिनं घड्याळाकडं पाहिलं, मग सासूकडं पाहिलं, आणि पुढं होऊन खिडकीचा पडदा ओढून घेतला.