पिल्लं नसलेली खाडी

टोपली धक्क्यावर टेकली न टेकली तोच दिघेने ओळखकांडी पुढे केली. पेनाएवढ्या त्या कांडीचं टोक कोळंबीच्या कवचाला लावलं, की तिची जात आणि ती ज्या पाण्यात वाढली ते ठिकाण पडद्यावर उमटे. वर्षभर हा सर्वेक्षक रोज टोपल्या तपासत होता. आज त्याने निकाल वाचला.

"सगळी कोळंबी समुद्रातली. खाडीत वाढ शून्य. भराव टाकायला हरकत नाही."

हर्षालीने कडेवरच्या लेकीला, नीराला घट्ट आवळलं. घरासमोरचं पाणीच बुजवलं, तर हिने उद्या खायचं काय?

"साहेब, कोळंबी अंडी घालते समुद्रात, पण पिल्लं वाढतात इथे, तिवरांच्या मुळांत. मोठी झाली की परत जातात. बी.एस्सी.ला हेच शिकलेय मी."

"मग कांडीला का दिसत नाही?"

"कारण कोळंबी कात टाकते! लहानपणीचं पाणी कवचात उरेल कसं?"

"मग पिल्लं दाखवा ना. वर्षभरात एकाही टोपलीत नखाएवढं पिल्लू मिळालं नाही."

हर्षालीची सासू मथुराबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "कसं मिळंल? पिल्लं आम्ही जाळ्यातनंच पाण्यात झटकतो. माझी सासूपण झटकायची. तुझ्या कांडीला येवढं कुणी शिकवलं नाय?"

हर्षालीची कानशिलं तापली. या बायकांनी खाडी जपली, आणि तेच जपणं खाडीच्या मुळावर आलं! वर्षभर इथेच उभी राहून तिच्या शिकलेल्या डोक्यातही हे आलं नव्हतं.

"हजार पिल्लं आणा," दिघे म्हणाला. "कवच पातळ असतं, ठेचूनच तपासावी लागतील. मुदत उद्यापर्यंत."

"खाडी वाचवायला तिचीच पोरं ठेचू?" हर्षाली उसळली.

"मॅडम, नियम मी नाही केला."

"ज्याने केला त्याला उभा करा या चिखलात!"

ओहोटीला सासू-सून दोघी गुडघाभर चिखलात उतरल्या. मथुराबाईच्या मुठीत काचेसारखी पिल्लं टणाटण उडत होती. तिने मूठ डब्यावर नेली; हात आपसूक पाण्याकडे वळला. पुन्हा नेली. पुन्हा वळला.

"नाय उघडत गो, डब्यावर नाय उघडत."

कडेवरून नीराने त्या मुठीकडे बोट केलं. हर्षालीने डबा पुढे धरला.

"आई," ती दात आवळून म्हणाली, "मग हिला उद्या काय दाखवायचं?"