पान एकेचाळीस

दुपारचा चहा झाला की हेमलता धुमाळ आपली वाचनवही काढून बसत. पुस्तकाचं नाव, लेखक, वाचून संपवल्याची तारीख आणि दोन ओळींचा अभिप्राय. कऱ्हाडच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंच्या वहीतला आकडा तीन हजार चारशे सोळावर गेला होता. गावच्या वाचनालयाने त्यांची एक जुनी वही काचेच्या कपाटात मांडून ठेवली होती.

त्याच वाचनालयाने वर्षापूर्वी ज्येष्ठ सभासदांना नजरनोंद चष्मे दिले. चष्म्याच्या काडीतला केसाएवढा कॅमेरा बुबुळांची हालचाल टिपायचा. डोळा कुठे अडखळतो ते पाहून तिथली अक्षरं काचेवर मोठी करून दाखवायचा. डोळा ओळीवरून नुसताच घरंगळला की शब्द खरोखर वाचले, हेही त्याला बाहुल्यांच्या आकुंचनावरून कळायचं. पहिल्या दिवशी त्याने लांबलचक संमतीपत्र समोर धरलं होतं. बाईंनी ते न वाचताच ‘मान्य’ म्हणून टाकलं.

त्या दिवशी वही उघडतात तोच दारावरची बेल वाजली. दारात ज्योत्स्ना भिसे उभी होती. त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता पस्तिशीची. दीड महिन्यापूर्वी तिच्या पहिल्या कादंबरीचं प्रकाशन बाईंच्याच हस्ते झालं होतं.

“अगं, ये ये! लेखिकाबाई!” बाई उत्साहाने म्हणाल्या. “चहा टाकते.”

“नको, बाई. बसते दोन मिनिटं.”

ती बसली, पण पाठ न टेकता. “बाई, नजरनोंद वापरणाऱ्यांनी आपलं पुस्तक कुठवर वाचलं, ते लेखकाला बघता येतं. संमतीपत्रात तसं कलम आहे. काल माझ्याकडे पहिली यादी आली.” तिने क्षणभर खाली पाहिलं. “तुमच्या नावापुढे पान एकेचाळीस आहे.”

बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. “तो चष्मा बिघडलाय बहुतेक,” त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला.

खरं त्यांना माहीत होतं. गेली काही वर्षं असंच चाललं होतं. आधी एखाद्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहून जाई, उद्या वाचू म्हणून त्या नोंद करून टाकत. मग निम्मं राहू लागलं. मग चार पानं आणि मलपृष्ठ एवढ्यावर भागू लागलं. डोळे दुखत, मन लागत नसे, पण वही थांबवायची म्हणजे गावाला काय सांगायचं? ज्योत्स्नाच्या कादंबरीचंही तेच झालं. एकेचाळीस पानं आणि शेवटचा परिच्छेद, तेवढ्यावर बाई वीस मिनिटं बोलल्या होत्या. टाळ्या पडल्या होत्या.

“भाषणात तुम्ही म्हणालात, या मुलीत मला नववीतच लेखिका दिसली होती,” ज्योत्स्ना शांतपणे म्हणाली. “मी स्टेजवर तुमच्या शेजारी होते. मला वाटलं, बाईंनी सत्त्याण्णवावं पान वाचलंय आणि तरी चारचौघांत खोटं बोलतायत. दीड महिना तो राग धरून बसले. काल कळलं, तुम्ही तिथवर पोचलाच नाहीत. आता यातलं जास्त वाईट कोणतं, तेच मला कळेना. म्हणून आले.”

“काय आहे त्या पानावर?”

“वाचा ना, बाई.” ती उठली. “मी सांगणार नाही.”

ती गेल्यावर बाईंनी कपाटातून कादंबरी काढली. आधी त्यांनी चष्मा उतरवून ठेवला. आपलं वाचन तिकडे कुणी पाहतंय ही कल्पना त्यांना सोसेना. पण उघड्या डोळ्यांना अक्षरं लागेनात. शेवटी त्यांनी तो चष्मा पुन्हा चढवला आणि पान बेचाळीसपासून सुरुवात केली. एकही ओळ न गाळता.

सत्त्याण्णवाव्या पानावर नववीतली एक मुलगी शेंगा फोडायला जाणाऱ्या आपल्या आईवर निबंध लिहिते. बाई तो वर्गात वाचून दाखवतात. मुलगी खुशीत येऊन उभी राहते. आणि बाई विचारतात, “कुठून उतरवलास? हे तुझं असूच शकत नाही.” वर्ग हसतो. मुलगी तास संपेपर्यंत उभीच राहते आणि त्यानंतर पुढची अकरा वर्षं एक ओळही लिहीत नाही.

बाईंची नजर ‘हे तुझं असूच शकत नाही’ यावर खिळली ती बराच वेळ हललीच नाही.

पुढची पानं त्यांनी रात्रीपर्यंत संपवली. कादंबरीतल्या बाईंवर लेखिकेने कुठेही सूड उगवला नव्हता. उलट, खडूने पांढरी झालेली त्यांची बोटं आणि कविता शिकवताना भरून येणारा आवाज तिने मोठ्या मायेने लिहिला होता. ते वाचताना बाईंना अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी फोन उचलला.

“ज्योत्स्ना, मी वाचलं. सगळं.”

“माहीत आहे, बाई. मी बघत होते.” ती पलीकडून म्हणाली. “त्या एका ओळीवर तुम्ही अकरा मिनिटं थांबलात.”

“हो.”

“ओळ कोणती ते मला दिसतं. किती वेळ थांबलात तेही दिसतं. का थांबलात, ते मात्र हे यंत्र सांगत नाही. तुम्हाला तो दिवस आठवत होता ना?”

बाईंनी डोळे मिटले. त्या अकरा मिनिटांत त्यांनी वर्गातला प्रत्येक बाक, प्रत्येक वेणी, प्रत्येक चेहरा शोधून पाहिला होता. कुठेही एक मुलगी उभी नव्हती. एका पोरीची अकरा वर्षं ज्या वाक्याने खाल्ली, ते आपल्या तोंडून गेल्याचं त्यांना आठवतसुद्धा नव्हतं.

“बाई?” ज्योत्स्नाने पुन्हा विचारलं. “आठवत होता ना?”