समोरची जागा

घनश्यामरावांची ओव्हरसियर म्हणून उमरखेडकडच्या रस्त्यावर बदली झाली, तेव्हा विजयमालाने नागपूरला आईला लिहिले होते की सरकारने क्वार्टर दिले आहे, शेजार मात्र दिलेला नाही. शेजार होता, पण त्याला शेजार म्हणायची तिची तयारी नव्हती. क्वार्टरच्या मागे पळसाची झुडपे, त्यांच्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा, चाळीसेक घरांचा. १९६२ साल उजाडले होते, आणि देवी टोचणारा माणूस लांबून दिसला की तिथल्या बाया अजून पोरांना तुरीच्या शेतात लपवत होत्या.

विजयमाला बी.ए. होती. तिने रेणूला वर्षाची व्हायच्या आत यवतमाळला नेऊन देवी टोचून आणली होती. डाव्या दंडावर दोन वण होते, चवलीच्या नाण्याएवढे. मुलीला न्हाऊ घालताना त्यांच्यावरून बोट फिरवले की तिला जरा शांत वाटे. ताप, साप, विहीर, तांड्यातली पोरे, कशाकशाची म्हणून धास्ती घ्यायची? एक दार तरी आपण नीट लावून घेतले आहे.

रेणू सात वर्षांची होती. तिला पाच खडे आणून दिले ते सोनीबाईने. सोनीबाई तांड्यातून भांडी घासायला येई, अंगात आरशांची चोळी, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. राख नि पाणी उडवत ती कामाला बसली की त्या बांगड्यांच्या खडखडाटाने विजयमालाचे डोके उठे.

"हे काय आणलंस?"

"गोटे, बाई. पोरीले खेळाले. नदीतले हायेत."

"सागरगोटे म्हणतात त्याला."

"सागरगोटे झाडाले लागते, बाई. हे गोटेच."

भांडीवालीने आपल्याला दुरुस्त करावे, हे विजयमालाच्या मनात दिवसभर खुपत राहिले.

खेळ तिला नवा नव्हता. एक खडा वर उडवायचा, तो खाली येण्याच्या आत जमिनीवरचा एक उचलायचा आणि वरचाही त्याच मुठीत झेलायचा. असे चार वेळा. मग दोन-दोन उचलायचे, मग तीन आणि एक, मग चारही एका झपाट्यात. शेवटी पाचही उडवून उपड्या हातावर घ्यायचे आणि तिथून उडवून मुठीत. एक जरी निसटला तरी डाव समोरचीकडे. तांड्याचा एकच नियम जास्तीचा होता, तो सोनीबाईने रेणूला विजयमालाच्या देखतच सांगितला.

"अर्ध्या डावातून उठाचं नाई, माय. उठली थे हरली. हरली का तिची जागा समोरचीची."

"आणि समोर कुणी नसेल तर?" विजयमालाने विचारले.

सोनीबाईने कढईवर राखेचा हात फिरवला. "समोर कोनी नाई, असं नसते, बाई."

हे वाक्य विजयमालाने पुढच्या पत्रात जसेच्या तसे उतरवले. आई हसेल, म्हणून.

रेणू दुपारी ओट्यावर, खांबाला पाठ लावून एकटीच खेळू लागली. विजयमाला आत शिवणाला बसे, पण कान बाहेर. खडा उचलतानाची खरखर यायची, मग मुठीत पडतानाची टक्. मग एखादा निसटे आणि सगळे थांबे. ते थांबणे तिला लांब वाटू लागले. तिने मनगटावरच्या घड्याळात पाहिले. रेणूचा डाव जेवढा वेळ चाले, जवळजवळ तेवढाच वेळ.

दुसऱ्या दिवशी तिने खिडकीतून पाहिले. रेणू हात मांडीवर ठेवून बसली होती. तिची मान वर जात होती, खाली येत होती. वर, खाली. कुणाचा तरी डाव बघावा तशी.

पळसाची पाने हलत असतील, विजयमालाने ठरवले.

तिसऱ्या दिवशी रेणूच्या मांडीवरचे हात हलले नाहीत, आणि खरखर मात्र आली.

जेवताना रेणू म्हणाली, "मले भात नको."

"मले नाही, मला. किती वेळा सांगायचं? त्या बाईचं ऐकून ऐकून जिभेचं वाटोळं झालंय."

"समोरची 'मला'च म्हणते," रेणू म्हणाली. "थे तुयासारखीच बोलते. तू बोलली का खिडकीकडे कान लावते."

विजयमालाने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग तिला राग आला. तापाची सोय होती, या अडाणीपणावर औषध नव्हते.

मंगळवारी दूध निवत चालले होते. तिने रेणूला हाक मारली, पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला ती दारात गेली. रेणूचे केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"हरून राह्यली मी, आई. आता मले उठवू नको."

मोरीपाशी बांगड्यांचा आवाज थांबला. सोनीबाई उठून उभी राहिली होती. "बाई, पोरीले डाव पुरा करू द्या. मंग न्या."

"तू मला शिकवू नकोस," विजयमाला म्हणाली. "तुम्ही आपली पोरं शेतात लपवा. माझी मला सांभाळता येते."

आणि तिने रेणूला दंडाला धरून उठवले. रेणूचा खडा तेव्हा हवेत होता.

तो पडल्याचा आवाज आला नाही.

विजयमालाने ओट्यावर पाहिले, पायरीखाली पाहिले. चारच खडे होते. सोनीबाईने हात धुतले, ओढणी डोक्यावर घेतली आणि अर्धी भांडी तशीच टाकून ती निघाली. रेणूकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. परत ती कामाला आली नाही.

रेणूने दूध सायीसकट प्यायले. आजवर तिने साय कधी तोंडाला लावली नव्हती.

"आणखी देऊ?"

"मला पुरे."

विजयमाला सुखावली. पुढच्या दिवसांत 'मले' एकदाही ऐकू आले नाही. वेणी घालताना रडणे नाही, ओट्यावर जाणे नाही. अंघोळही मुलगी दार लावून आपली आपण करू लागली. "सुधारली की पोरगी," घनश्यामराव म्हणाले. शिस्त लावली की मुले ऐकतात, असे विजयमालाने आईला लिहिले.

रविवारी मात्र डोक्यावरून न्हाऊ घालायचे म्हणून ती शिकेकाई घेऊन आत गेली. पाणी ओतले. डाव्या दंडावर साबण लावला आणि सवयीने बोट फिरवले.

बोट घसरत कोपरापर्यंत गेले.

तिने साबण धुतला. उजेडाकडे वळवून पाहिले. मग उजवा दंड पाहिला.

"काय शोधतेस, आई?"

"काही नाही."

"मी स्वच्छ आहे ना?" मुलीने विचारले, आणि विजयमालाने भांडीवालीकडे बघावे तसे तिच्याकडे बघितले.

दुपारी घनश्यामराव कामावरच्या मुकादमाला भेटायला गेले. मुलगी आत पाटीवर लिहीत बसली. विजयमालाच्या हातात शिवण होते.

बाहेर खरखर आली.

ती ओट्यावर गेली. चार खडे मंगळवारपासून तसेच पडले होते. आजूबाजूला कुणी नव्हते. तांड्यातून कुणी बघत तर नाही ना, हे तिने आधी पाहिले. मग ती रेणूच्या जागी, खांबाला पाठ लावून बसली. समोर नुसती फरशी होती.

"रेणू," ती हळूच म्हणाली.

टक्. तिच्या पुढ्यात पाचवा खडा पडला.

तिने तो उचलला. लहान मुठीत बराच वेळ धरून ठेवल्यासारखा तो ऊन होता, घामाने ओलसर.

तिने उडवला. पहिला जमला, दुसरा निसटला. तिने हात मांडीवर ठेवले. तिची नजर आपोआप वर गेली, खाली आली. वर, खाली. समोरून, अगदी बारीक, नाक ओढल्याचा आवाज आला. रेणू रडून थकली की ओढायची तसा.

मग डाव पुन्हा विजयमालाकडे आला.

"आई, आत ये," घरातून हाक आली. "दूध निवतंय."

ती उठली नाही. एक उचलला. दुसरा उचलला.

"आई."

तिसरा.

तिसऱ्या हाकेनंतर पावले ओट्यावर आली. विजयमालाने मान वळवली नाही. तिच्या दंडाभोवती गार बोटे आवळली गेली, आणि तिचा खडा तेव्हा हवेत होता.