धुक्यातली तिसरी हाक

भुरी म्हैस तोंड मिटून केतकीच्या शेजारी उभी होती. तरीही भुरीचं रेकणं ऐकू आलं, आणि तेही समोरच्या खाजणातून, धुक्याच्या आतून.

केतकीने म्हशीच्या तोंडावर हात ठेवून खात्री केली. ओठ घट्ट मिटलेले होते. पुन्हा तोच आवाज आला. शेवटाला किंचित खरखर, अगदी भुरीचीच. भुरीने कान टवकारले आणि ती मागे सरकली. स्वतःचाच आवाज लांबून ऐकू आला तर कोणीही सरकेल!

खाजण म्हणजे खाडीकाठची चिखलाची जमीन. ओहोटीला ती उघडी पडते, भरतीला पाण्याखाली जाते. पहाटे दावं तोडून पळालेली भुरीची पारडी काजळी तिथे पोटापर्यंत रुतली होती. केतकीने तिच्या गळ्यातलं दावं धरून जीव खाऊन ओढलं होतं. काजळीने पाय झाडले आणि ती आणखी खाली गेली. परतताना बांधाच्या पायथ्याशी चिखलाने केतकीचा एक गमबूटही ठेवून घेतला.

बाबांनी अग्निशमन केंद्राला फोन केला. "केतके, बांधावरून खाली उतरायचं नाय हां! मी गाडीला वाट दाखवायला जातो," असं बजावून ते रस्त्याकडे पळाले. भरती लागली होती. पाणी चढलं की काजळीचं काय होईल, हे केतकीला कोणी सांगायला नको होतं.

"केतकी," धुक्यातून कोणीतरी म्हणालं.

तो आवाज बाईचा नव्हता, बुवाचा नव्हता. केतकीच्या अंगावर सरसरून काटा आला.

त्यांच्या गावात धुक्यातल्या हाकेला लगेच ओ देत नाहीत. खाजणात चकवा (वाट चुकवणारं भूत) राहतो, तो दोनदाच हाक मारतो, खरा माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारतो, असं सगळे मानतात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळवणारी केतकीही मानायची. उन्हात मानायची नाही, धुक्यात मानायची.

"केतकी," दुसरी हाक अधिक जवळून आली.

ती श्वास रोखून तिसरीची वाट पाहू लागली. तिसरी आलीच नाही. फक्त पाण्याची बारीक चुळचुळ ऐकू येत होती. मग काजळी ओरडली, आणि तो आवाज इतका दमलेला होता की केतकीला राहवेना. चकवा तर चकवा!

"ओ!" ती ओरडली. "कोण आहे?"

चिखलावरून काहीतरी सरपटत आलं. चपटं पोट, बाजूला दोन वल्ह्यांसारखे पाय आणि डोक्यावर दोन वाटोळे डोळे. खाडीतल्या निवटी माशासारखं, पण खाटेएवढं मोठं.

"मी निवटा. अग्निशमन केंद्राचा यंत्रमानव. खाडीतून पुढे आलो. तुझं नाव तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं."

"आणि भुरीचा आवाज?"

"ती मघाशी काठावर रेकत होती. मी तो ध्वनिमुद्रित केला (साठवून ठेवला) आणि काजळीला ऐकवला. ती शांत झाली. पण आई दिसेना, म्हणून आता पुन्हा पाय झाडते आहे. चिखल ढवळला की पातळ होतो, ती खाली जाते. थांबला की घट्ट होतो आणि पाय धरतो. तिला तुझा आवाज हवा आहे. तू इथूनच बोल, मी तिच्या कानापाशी पोचवतो."

निवटा धुक्यात शिरला. केतकी रोज गोठ्यात बोलायची तेच बोलू लागली, "हो हो हो... थांब गो बाय... मी आहे ना..." आणि दूर धुक्यात तिचाच आवाज तिच्यामागोमाग काजळीशी बोलू लागला. ऐकून ती शहारली, पण बोलायची थांबली नाही.

इतक्यात बांधावर लाल गाडी येऊन उभी राहिली. ना भोंगा, ना लखलखणारे दिवे. बाबांबरोबर पथकप्रमुख शबाना मुकादम आणि दोन जवान उतरले.

"भोंगा का नाही वाजवला?" केतकीने कुजबुजत विचारलं.

"माणसाला भोंगा ऐकून धीर येतो, जनावर बिथरतं," शबानाताई म्हणाल्या. निवटा काठाशी परत आला. त्याच्या मागे बांधलेल्या रुंद फळीवर जवान लांब पोकळ नळ्या घेऊन बसले आणि निघाले.

"दोर लावून ओढणार?"

"नुसतं ओढलं तर पाय मोडेल. तो तुझा गमबूट ना? ओढ बघू."

केतकीने बांधावरूनच वाकून ओढला. बूट हलेना.

"बूट वर उचलला की त्याच्या तळाखाली पोकळी होऊ बघते. तिथे हवा पोचत नाही. वरून मात्र हवेचा दाब (आपल्या सगळ्यांवर असलेलं हवेचं ओझं) बुटाला खाली रेटत राहतो. चिखलात भूत नाही, वर हवा आहे. आता ही नळी आत घाल."

त्यांनी एक लहान पोकळ नळी दिली. केतकीने ती बुटाला लागून तळापर्यंत खुपसली. फुस्स! हवा आत गेली, आणि बूट अलगद हातात आला.

"म्हणजे त्या नळ्या काजळीच्या खुरांपाशी!"

"अगदी बरोबर. त्यातून पाणी आणि हवा सोडायची, पाय सुटे करायचे. पट्टा गळ्याला नाही, पोटाखालून घालायचा आणि हळूच फळीवर आडवं घ्यायचं. तू बोलत राहा."

केतकी बोलत राहिली. घसा बसला तरी बोलत राहिली. शेवटी धुक्यातून फळी आली, मागोमाग भरतीचं पाणी आलं. फळीवर चिखलाचा एक गोळा होता आणि त्याला काजळीचे डोळे होते. भुरी रेकली, या वेळी स्वतःच्या तोंडाने. केतकी हमसून हमसून रडली.

"तू तिसऱ्यांदा हाक का नाही मारलीस रे?" डोळे पुसत तिने निवट्याला विचारलं.

"दोन हाकांनंतर गप्प बसायचं, जनावर घाबरू नये म्हणून. मला तसं शिकवलंय."

शबानाताईंनी कपाळावर हात मारला. "जनावरांचा सगळा विचार केला गो आम्ही, पण या गावातल्या माणसांचा राहिला!"

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तसंच दाट धुकं पडलं. कुणाचा तरी बैल रुतला होता. केतकी बांधावर आली. तिच्यामागे आता चांगली दांडगी झालेली काजळी होती.

"केतकी," धुकं म्हणालं.

ती गप्प राहिली.

"केतकी."

अंगावर काटा आलाच. तो काही विज्ञानाने जात नाही.

"केतकी."

"ओ!" केतकी म्हणाली, आणि गमबूट चढवून बांधाच्या टोकाशी, आवाज पोचेल तिथे, जाऊन उभी राहिली.