एक, पाच, तीन, सहा, दोन

धाकट्याची गाडी तिसऱ्यांदा इंजेक्टर खाऊन ताईच्या गॅरेजच्या शेडच्या दारात उभी राहिली, तेव्हा ती हात धूत होती. फेसाच्या हातांनीच ती बाहेर आली.

"आल्या का बाईसाहेब माहेरपणाला?"

"माहेरपण कसलं, बाळंतपणच म्हण," धाकटा खाली उडी मारत म्हणाला. "चढ लागला की धापा टाकते. धूर असा, की मागचा ड्रायव्हर शिव्या घालतो तेही दिसत नाही."

मालाची गाडी, लांब नाकाची, सहा सिलिंडरची, वडिलांच्या हातची. वडील गेले तशी हत्यारं ताईकडे राहिली आणि गाडी धाकट्याकडे. ज्याचा हात जिथे वळला, ते त्याचं झालं. वडिलांनी दोघांना पाढ्यांच्याही आधी एक गाणं शिकवलं होतं: एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. सिलिंडर पेटायचा क्रम. त्यावर ताई दोरीच्या उड्या मारायची. आणि आई नसलेल्या त्या रडक्या भावाला मांडीवर घेऊन थोपटायची, तेव्हा त्याच्या छातीवर तिचा तळवा तोच ताल धरायचा. चारनंतर पुन्हा एक. तो झोपेपर्यंत.

गाडीचा दोष सरळ होता. टाकीतून डिझेल जोमाने येत नव्हतं. चढावर मागणी वाढली की दाब पडायचा, डिझेलबरोबर हवा यायची, आणि डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची बारीक टोकं कोरडी पडून जळायची. नुसते इंजेक्टर बदलणं म्हणजे उपाशी पोराला नवे दात बसवणं. ताईने टाकीजवळ वेगळा पंप बसवला, मोठा फिल्टर लावला, दाब टिकावा म्हणून परतीच्या नळीच्या वाल्व्हमध्ये कडक स्प्रिंग घातली आणि केबिनमध्ये दाबाचा काटा लावला. चावी फिरवताच काटा वर चढला आणि खिळा ठोकल्यासारखा थांबला.

मग वडिलांच्या पद्धतीची चाचणी. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका इंजेक्टरच्या वायरचा जोड, म्हणजे कपलर, काढून बघायचं. इंजिन लंगडलं तर तो इंजेक्टर कामाचा. नाही लंगडलं तर आधीपासूनच मेलेला.

धाकटा केबिनमध्ये शीळ घालत बसला होता. ताईने एकचा कपलर काढला. इंजिन लंगडलं. परत लावला. दोन. लंगडलं. तीन. लंगडलं. शीळ आपली चालूच.

चारचा काढला. इंजिन तसंच चालत राहिलं.

शीळ तुटली.

"काय झालं रे?"

"काही नाही. छातीत जरा ठोका चुकल्यासारखं झालं."

तिने कपलर लावला. शीळ जिथे तुटली होती तिथूनच पुढे सुरू झाली.

चारचा इंजेक्टर खोलून तिने टेबलावर तपासला. फवारा धुक्यासारखा, एक थेंब ओघळला नाही. पुन्हा बसवला आणि या वेळी न सांगता कपलर काढला. इंजिन तसंच. शीळ तुटली.

तिने त्याला डॉक्टरांकडे नेलं. ईसीजीची पट्टी निघाली, सगळं ठीक निघालं. "पित्त असेल," डॉक्टर म्हणाले.

"ऐकलंस ना? पित्त. तुझ्या हातच्या चहाचं," धाकटा म्हणाला आणि फेरीवर गेला.

परत आला तो खुशीत. "काय ओढते गं ताई! भरल्या गाडीने चढ पाण्यासारखा गेला." पण शेडच्या चार पायऱ्या चढून तो खाली बसला. ताईने पुन्हा चाचणी घेतली. आता चार आणि पाच, दोन्हींना इंजिन लंगडलं नाही. दोन्हींना शीळ तुटली. पुढच्या फेरीनंतर सहाच्या सहा तसेच.

वायर कुठे चिकटली असेल, असं स्वतःला समजावत ताईने एकचा कपलर काढला आणि तो परत न लावताच दोनचा. मग तीनचा.

हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. धाकट्याचं कपाळ स्टिअरिंगवर पडलं होतं, ओठ निळे. तिने तिन्ही कपलर दाबून बसवले. त्याने डोकं वर केलं.

"डुलकी लागली बघ," तो म्हणाला.

इंजिन या सगळ्यात एकदाही अडखळलं नव्हतं.

"विकून टाक ही," ताई म्हणाली.

"वेड लागलंय का? आयुष्यात पहिल्यांदा नीट चालतेय."

"मोठी आहे मी, तरी पाया पडते तुझ्या. विक."

ताईला असं रडताना त्याने वडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

गाडी दलालामार्फत गेली. ती वळणाआड जाईपर्यंत ताईने श्वास रोखून धरला होता. धाकट्याला काही झालं नाही. तो सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर बसू लागला, अंगाने भरला, गिऱ्हाइकांची थट्टा करू लागला. ताईला झोप लागू लागली. लांब गेली, सुटलो, असं तिला वाटलं.

एका दुपारी तो जेवून शेडमधल्या खाटेवर आडवा झाला होता. ताई नोझल पुसत होती. त्याच्या श्वासाचा आवाज बदलला तशी तिने मान वळवली. गाढ झोपेत तो घामाने भिजला होता. अंगाला डिझेलचा वास येत होता. काउंटरवर बसणाऱ्याच्या अंगाला.

तिने इंजिनाला लावून आवाज ऐकायचा लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला, टोक हलकेच त्याच्या छातीवर टेकवलं, मुठीला कान लावला.

सहा ठोके. प्रत्येकाचा आवाज वेगळा, तिच्या ओळखीचा. मग पुन्हा तेच सहा.

ठोके जड होत गेले. मध्येच क्षणभर सगळं सुटं झालं. मग खालच्या गिअरवर पुन्हा धरलं.

कुठेतरी चढ लागला होता.

तिने दलालाला फोन लावला.

"ती गाडी? तिसऱ्याच्या हातात गेली, ताई. कुठे असेल कुणास ठाऊक. का हो?"

"फिल्टर बदलायचाय," ती म्हणाली. "दाबाचा काटा बघत राहायला सांगा. कुणीही असो, सांगा."

फोन कधीच कट झाला होता. ताईने पुन्हा मुठीला कान लावला आणि दुसरा हात नकळत त्याच्या छातीवर ठेवला. पूर्वीसारखा.

एक. पाच. तीन. सहा. दोन.

चारसाठी तळवा उचललेलाच ठेवून ती ऐकत राहिली.